इन आणि टॅव्हर्न यांतील फरक: दार कोणासाठी उघडणे भाग होते?

जुन्या इंग्लंडमध्ये ‘इन’मध्ये जेवण आणि मद्य मिळत असे, ‘टॅव्हर्न’मध्येही मिळत असे, मग ही दोन ठिकाणे वेगळी का मानली गेली, असा प्रश्न आहे. हॉटेल व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना आतिथ्यविषयक कायदा शिकवताना हा प्रश्न माझ्यासमोर वारंवार येतो. ‘इनमध्ये मुक्कामाच्या खोल्या असत, टॅव्हर्नमध्ये नसत’ हे त्याचे नेहमीचे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. खोली असणे हा बाहेरून दिसणारा भाग झाला. खरा फरक बांधिलकीचा होता. इनचा मालक दाराशी आलेल्या वाटसरूला आत घेण्यास, त्याच्या घोड्याला तबेला व वैरण देण्यास आणि त्याचे सामान सांभाळण्यास कायद्याने बांधलेला होता, तर टॅव्हर्नच्या मालकावर असे कोणतेही बंधन नव्हते. तो वाइन विकणारा व्यापारी होता आणि गिऱ्हाइकाला नको म्हणण्याची मुभा त्याला होती. जागा, बांधणी, परवाना, गिऱ्हाईक यांतले पुढचे सगळे फरक या एका गोष्टीतून निघालेले आहेत.

या दोहोंच्या जोडीला तिसरे एक ठिकाण होते, एलहाउस, आणि ते लक्षात घेतल्यावाचून चित्र पूर्ण होत नाही. एल (बार्ली आंबवून केलेले, बिअरसारखे पेय) आणि बिअर ही सामान्य माणसाची रोजची पेये होती. ती घरच्या घरी आंबवून पुढच्या खोलीत विकणारी गरीब बायामाणसे गावोगाव होती. १५७७ मध्ये डोव्हर बंदराच्या दुरुस्तीसाठी पैसा उभा करायचा म्हणून सरकारने अशा सर्व घरांची मोजणी मागवली. मोजणी अपुरी होती, बरेच परगणे तीत आलेच नाहीत. तरीही हाती आलेले आकडे बोलके आहेत: एलहाउस १४,२०२, इन १,६३१ आणि टॅव्हर्न अवघी ३२९. टॅव्हर्न इतकी थोडी का, याचे कारण सरळ आहे. इंग्लंडमध्ये वाइन पिकत नव्हती म्हटले तरी चालेल. ती फ्रान्समधील बोर्दोहून, पुढे स्पेनहून आणि ऱ्हाइनच्या खोऱ्यातून जहाजाने येई, महाग पडे आणि ती पिणारा वर्ग मोठ्या शहरांतच सापडे.

इनवरील बंधन कसे होते ते आता नीट पाहू, कारण या विषयाचा गाभा तिथे आहे. हे बंधन संसदेने एखाद्या दिवशी कायदा करून घातलेले नव्हते. ‘राज्याची रूढी’ म्हणून मध्ययुगापासून न्यायालये ते मानत आली होती. रात्री रस्त्यावर राहिलेला माणूस लुटला जाण्याची भीती होती. तो आत आला तरी अनोळखी घरात मालकाच्या आणि त्याच्या नोकरांच्या हाती असे, आणि त्यांचे वाटमाऱ्यांशी संधान असले तर पुरावा आणायचा कोठून? म्हणून न्यायालयांनी पुराव्याचा भार वाटसरूवर टाकलाच नाही. इनमधून सामान गेले तर मालकाने भरून द्यायचे, असा नियम झाला. १५८४ च्या ‘कॅली’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात हा नियम तपशिलाने मांडला गेला आणि पुढची कित्येक शतके वकील त्याचाच आधार घेत राहिले. त्या खटल्यातील पाहुण्याने आपला घोडा कुरणात चरायला सोडण्यास सांगितले होते आणि तो तेथून चोरीला गेला. न्यायालयाने मालकाला जबाबदार धरले नाही, कारण घोडा इनच्या आवारात नव्हता आणि तो बाहेर पाठवण्यास पाहुण्यानेच सांगितले होते. मालकाने आपणहून तो कुरणात पाठवला असता तर त्याची सुटका झाली नसती.

त्याच निवाड्यात आणखी काही गोष्टी आहेत, आणि माझ्या मते त्या वाचल्याशिवाय इन ही संस्था समजत नाही. ‘मी पाहुण्याला खोलीची किल्ली दिली होती, त्यानेच दार उघडे टाकले’ असे म्हणून मालकाला हात झटकता येत नसत. पाहुण्याच्या स्वतःच्या नोकराने किंवा सोबत्याने चोरी केली, तर मात्र मालक मोकळा. पाहुण्याला इनमध्ये कोणी मारहाण केली, तर या नियमाखाली त्याला मालकाकडून भरपाई मिळत नसे, कारण नियम सामानापुरता होता, देहापुरता नव्हता. आजच्या वाचकाला हे विचित्र वाटेल. पण त्यातून हे स्पष्ट होते की कायद्याच्या डोळ्यांसमोर प्रवास करणारा व्यापारी, त्याचा घोडा आणि त्याच्या गाठोड्यातील माल होता. देशाचा व्यापार रस्त्याने चालायचा असेल तर रस्त्याच्या कडेला विश्वासाने थांबता येईल असे घर लागते, आणि तो विश्वास मालकाच्या स्वभावावर सोडून चालत नाही.

वाटसरूला नाकारता येत नाही, ही बांधिलकीची दुसरी बाजू. जागा शिल्लक असेल, आलेला माणूस योग्य ते पैसे देण्यास तयार असेल आणि त्याचे वर्तन ठीक असेल, तर त्याला आत घ्यावेच लागे. न घेतल्यास फौजदारी खटला होऊ शके. १८३५ मध्ये आयव्हन्स नावाच्या मालकावर असा खटला झाला. प्रवासी रविवारी रात्री उशिरा आला होता, घरची माणसे झोपलेली होती आणि प्रवाशाने आपले नाव-गाव सांगण्यासही नकार दिला होता. यातले एकही कारण न्यायालयाने स्वीकारले नाही: रात्री-अपरात्री दार उघडणे हेच इनचे काम आहे आणि पाहुणे निवडण्याचा हक्क मालकाला नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. या ओझ्याच्या बदल्यात मालकाला एक हत्यार दिलेले होते. बिल चुकते होईपर्यंत पाहुण्याचे सामान अडकवून ठेवण्याचा हक्क त्याला होता, आणि १८७८ च्या कायद्याने, ते सामान सहा आठवडे पडून राहिल्यास जाहिरात देऊन लिलावात विकण्याचीही परवानगी त्याला मिळाली.

टॅव्हर्नच्या बाबतीत कायद्याची काळजी निराळी होती. तेथे भीती वाटसरूच्या सामानाची नव्हती. भेसळीची, भावाची आणि गोंधळाची होती. चौदाव्या शतकातील लंडनच्या नियमांप्रमाणे टॅव्हर्नवाल्याला तळघराचे दार उघडे ठेवावे लागे आणि आपली वाइन कोणत्या पिंपातून काढली जाते हे पाहण्याचा गिऱ्हाइकाला हक्क असे. १५५३ च्या कायद्याने शहरागणिक टॅव्हर्नची संख्या बांधून दिली. एवढ्या मोठ्या लंडनला ४० टॅव्हर्न ठरवून दिल्या होत्या आणि इतर शहरांच्या वाट्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आल्या. प्रत्यक्षात ही मर्यादा कधीच पाळली गेली नाही, कारण राजसत्तेने स्वतःच वाइनच्या परवान्यांना कमाईचे साधन बनवले. १५८३ मध्ये राणी एलिझाबेथने ते परवाने देण्याचा मक्ता आपल्या मर्जीतील वॉल्टर रॅली याला दिला, आणि त्याच्या उत्पन्नाचा तो एक मोठा आधार ठरला.

म्हणजे तिन्ही घरांवरचा अंमल तीन तऱ्हांचा होता. एलहाउसला १५५२ च्या कायद्यानुसार स्थानिक न्यायाधीशांचा परवाना लागे. टॅव्हर्नला वाइनचा परवाना लागे. इनला मात्र, वाटसरूंना उतरवून घेण्याच्या कामापुरता, कोणताच परवाना लागत नसे, कारण ती रूढीने चालत आलेली सेवा मानली जाई. या मोकळिकीवर घाला घालण्याचा प्रयत्न १६१७ मध्ये झाला. पहिल्या जेम्स राजाच्या काळात जाइल्स मॉम्पेसन या माणसाला इनचे परवाने देण्याचा अधिकार मिळाला, आणि त्याने पैशासाठी मालकांना इतके छळले की १६२१ मध्ये संसदेने त्याच्यावर महाभियोग चालवला. तो देश सोडून पळाला. मक्तेदारीविरुद्धच्या संसदीय लढ्याच्या इतिहासात हे प्रकरण महत्त्वाचे मानले जाते, आणि त्याचा उगम इनच्या परवान्यात होता याकडे मला मुद्दाम लक्ष वेधायचे आहे. व्यापाऱ्यांच्या संघटनाही वेगळ्याच होत्या: वाइन विकणाऱ्यांच्या व्हिंटनर्स कंपनीला १३६३ मध्ये राजाची सनद मिळाली, इनवाल्यांच्या इनहोल्डर्स कंपनीला १५१४ मध्ये.

हा फरक कागदावर राहिला नाही, तो जमिनीवर उतरला. इनला घोडागाडी आत घेता येईल एवढी उंच कमान लागे, कमानीच्या आत लांब अंगण, अंगणाच्या कडेने वरच्या मजल्यांवर लाकडी सज्जे, सज्जांवर उघडणाऱ्या मुक्कामाच्या खोल्या आणि अगदी मागे तबेले. रात्री कमानीचे दार लावले की सगळे आवार बंद होई, आणि ज्याला मालाची भरपाई करावी लागणार आहे त्याला असेच आवार हवे असे. ग्लॉस्टर येथील ‘न्यू इन’ हे पंधराव्या शतकाच्या मध्याचे बांधकाम आजही उभे आहे. तेथील मठात दुसऱ्या एडवर्ड राजाची कबर होती आणि तिच्या दर्शनाला येणाऱ्यांची सोय मठानेच केली होती. लंडनमध्ये सज्जांचे असे एकच इन उरले आहे, टेम्स नदीच्या दक्षिणेला सदर्क भागातील ‘जॉर्ज’. १६७६ च्या आगीनंतर पुढच्याच वर्षी ते पुन्हा बांधले गेले. एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपनीने त्याच्या बऱ्याच बाजू पाडल्या आणि आता एकच बाजू शिल्लक आहे, जी १९३७ पासून नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. पाहायला जाणाऱ्याने इमारतीकडे पाहण्याआधी अंगणाची लांबी चालून पाहावी. तेथे किती गाड्या उभ्या राहत असतील याचा अंदाज त्यावरून येतो.

टॅव्हर्नला यातले काही लागत नव्हते. तिला लागे ते थंड, कोरडे, शक्यतो दगडी कमानींचे तळघर, ज्यात वाइनची पिंपे राहतील, आणि वर रस्त्याच्या बाजूला बसायच्या खोल्या. शहराच्या मध्यभागी जागा महाग, म्हणून दर्शनी भाग अरुंद आणि इमारत आत व वर वाढलेली. मोठ्या टॅव्हर्नमध्ये आतल्या खोल्यांना स्वतंत्र नावे असत. चार-सहा जणांनी एक खोली घ्यावी, जेवण मागवावे, सौद्याची बोलणी करावीत, असा रिवाज होता. नकाशावर दोन्हींच्या जागा पाहिल्या तर बांधिलकीचा मुद्दा आणखी पटतो. लंडनची मोठी इन वेशींच्या आसपास, म्हणजे सदर्क, होबर्न, बिशप्सगेट, ऑल्डर्सगेट या बाजूंना होती, कारण वाटसरू तेथून शहरात शिरे. टॅव्हर्न चीपसाइडला, ब्रेड स्ट्रीटला, फ्लीट स्ट्रीटला होत्या, कारण तेथे व्यापारी, वकील आणि लेखक यांचा वावर होता. बेन जॉन्सनसारख्या नाटककाराची बैठक टेंपल बारजवळच्या ‘डेव्हिल’ टॅव्हर्नमध्ये भरत असे, यात नवल काहीच नाही. तो त्या शहराचा रहिवासी होता, त्याला झोपायला घर होते.

मालाची ने-आण करणारे गाडीवान ठरावीक वारी ठरावीक इनमध्येच उतरत. कोणत्या परगण्याचा गाडीवान कोठे उतरतो, याची यादी १६३७ मध्ये लंडनमध्ये छापली गेली होती, म्हणजे इन हे टपालाचे आणि मालवाहतुकीचे ठाणेही झालेले होते. १६८६ मध्ये युद्धखात्याने सैन्याच्या मुक्कामाचा अंदाज घेण्यासाठी देशभर पाहणी केली, तेव्हा गावागावांत पाहुण्यांसाठी बिछाने किती आणि घोड्यांसाठी ठाणी किती, हे दोन आकडे मागवले. त्या पाहणीचा उपयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते: कोणते गाव मोठ्या रस्त्यावर होते हे तिच्यातल्या घोड्यांच्या ठाण्यांवरून ओळखता येते, कारण लहान वस्तीत ठाण्यांचा आकडा अचानक फुगलेला दिसला तर तेथे प्रवासी बदलत्या घोड्यांसाठी थांबत होते, हे उघड होते.

आता सरमिसळीविषयी सांगायला हवे, नाहीतर वरचे वर्णन फार स्वच्छ वाटेल. इनमध्ये बिअर विकली जाई आणि परवाना घेऊन वाइनही. काही टॅव्हर्न ओळखीच्या माणसाला खाट देत. एलहाउसमध्ये गरीब वाटसरू स्वयंपाकघरात अंग टाकीत. १६०४ च्या कायद्याने तर इन आणि एलहाउस या दोहोंचा खरा आणि पुरातन उपयोग वाटसरूंना आसरा देणे हाच आहे, रिकामटेकड्यांना पिण्यासाठी जागा देणे हा नाही, असे बजावले. म्हणून एखाद्या घराचे नाव काय होते यावर वाद घालण्यापेक्षा, न्यायालयापुढे ते ‘इन’ म्हणून उभे राहिले असते का, हे विचारावे. येणाऱ्या कोणत्याही प्रवाशाला आधी करार न करता उतरवून घेण्याचा व्यवसाय ते उघडपणे करत असेल, तर ते इन. काही निवडक लोकांना खोली देत असेल, तर नव्हे. महिन्याच्या बोलीने भाडेकरू ठेवणारे घरही इन ठरत नसे.

ग्रेज इन, लिंकन्स इन ही वकिलांची नावे वाचून काहींचा गोंधळ होतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये ग्रेज इनमध्ये दाखल झाले आणि १९२२ मध्ये तेथून बॅरिस्टर झाले, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव परिचित आहे. ती वकिलांच्या एकत्र राहण्याची आणि शिकण्याची घरे होती; वाटसरूसाठी ती कधीच उघडी नव्हती आणि वरच्या कायद्याशी त्यांचा संबंध नाही.

हा फरक पुसला कसा गेला? २ ऑगस्ट १७८४ रोजी ब्रिस्टलहून लंडनकडे पहिली टपालगाडी सुटली आणि पुढची पन्नासेक वर्षे इनचा सुवर्णकाळ होता. घोडे बदलायचे, प्रवासी जेवायचे, रात्री उतरायचे, सगळे इनमध्ये. रेल्वे आली आणि काही वर्षांतच हमरस्त्यावरची शेकडो इन ओस पडली. जी टिकली ती दारूवर टिकली, म्हणजे व्यवहारात एलहाउसच्या जागी येऊन बसली. टॅव्हर्नचे वेगळेपण त्याआधीच झिजले होते: १६५२ पासून लंडनमध्ये कॉफीगृहे निघाली आणि व्यापारी बैठकी तिकडे वळल्या, पुढे श्रीमंतांनी खासगी क्लब काढले. मोठ्या टॅव्हर्न सभा-मेजवान्यांची सभागृहे बनल्या. फुटबॉल असोसिएशनची स्थापना २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनच्या फ्रीमेसन्स टॅव्हर्नमध्येच झाली. १८२८ च्या कायद्याने इन आणि एलहाउस यांना मद्यविक्रीच्या परवान्यापुरते एकाच चौकटीत आणले, आणि ‘पब्लिक हाउस’ म्हणजे आजचा ‘पब’ हे सर्वांचे समान नाव होत गेले. आज इंग्लंडमधल्या पबच्या पाटीवर ‘इन’ किंवा ‘टॅव्हर्न’ लिहिलेले असेल, तर त्यावरून आतल्या सोयींविषयी काहीच ठरवता येत नाही.

पाट्यांचा अर्थ गेला, बांधिलकी मात्र गेली नाही. रविवारी पब बंद ठेवण्याचे कायदे झाले तेव्हाही खऱ्या प्रवाशाला त्यातून सूट होती, आणि १८७४ च्या कायद्याने आदल्या रात्रीचा मुक्काम किमान तीन मैल दूर असलेल्याला प्रवासी मानले. याहून मोठा प्रसंग १९४३ चा आहे. वेस्ट इंडीजचे कसोटी क्रिकेटपटू लिअरी कॉन्स्टंटाइन लॉर्ड्सवर सामना खेळण्यासाठी पत्नी व मुलीसह लंडनला आले. रसेल स्क्वेअरमधील इम्पीरियल हॉटेलमध्ये त्यांनी चार रात्रींची खोली ठरवली होती. ते कृष्णवर्णीय असल्याने त्यांना तेथे राहू दिले गेले नाही. वंशभेदाला मनाई करणारा कायदा तेव्हा ब्रिटनमध्ये नव्हता, तो १९६५ मध्ये आला. कॉन्स्टंटाइन यांच्या हाती होता तो हाच मध्ययुगीन नियम, की इनच्या मालकाला सबळ कारणावाचून प्रवासी नाकारता येत नाही. १९४४ मध्ये न्यायमूर्ती बर्केट यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरपाई फक्त पाच गिनी, म्हणजे जेमतेम सव्वापाच पौंड, मिळाली, पण हॉटेल कायद्याने चूक ठरले. हीच वागणूक त्यांना एखाद्या टॅव्हर्नमध्ये मिळाली असती, तर या नियमाचा त्यांना काही उपयोग झाला नसता. इन आणि टॅव्हर्न यांतील फरक मोजण्याचे याहून चांगले माप मला माहीत नाही. १९५६ च्या हॉटेल प्रोप्रायटर्स कायद्याने या बांधिलकीला आधुनिक शब्द दिले, सामानाच्या भरपाईवर मर्यादा घातली आणि वाहनांना त्यातून वगळले.

भारतातही हा नियम अभ्यासाला येतो. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलच्या ताब्यात दिलेली पाहुण्याची मोटार १९९८ मध्ये चोरीला गेली. तो वाद २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढला. इनवाल्यांच्या कडक जबाबदारीचा इंग्रजी इतिहास न्यायालयाने तपासला. तो नियम जसाच्या तसा न घेता, ताब्यात दिलेली वस्तू गेली तर काळजी घेतली होती हे दाखवण्याचा भार हॉटेलवर टाकला. गोव्यातील तावेर्ना मात्र पोर्तुगीज वळणाची आहे आणि ती जुन्या अर्थाने टॅव्हर्नच आहे: हंगामात उराक (काजूच्या रसाची सौम्य दारू), एरवी फेणी, बसायला बाक, बहुतेक गिऱ्हाईक त्याच वाड्यावरचे, आणि मुक्कामाची अपेक्षा कोणालाच नाही.

वर सांगितलेली कसोटी इंग्लंडच्या कागदपत्रांना लावावी, अमेरिकेच्या नव्हे. तेथील वसाहतींत वस्ती विरळ होती, दोन धंदे वेगळे चालवण्याइतकी गिऱ्हाइके नव्हती, म्हणून न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे ईशान्येकडील वसाहतींत, ‘टॅव्हर्न’ म्हणवणाऱ्या घराला परवान्याच्या अटींतच प्रवाशाची आणि त्याच्या घोड्याची सोय करावी लागे. व्हर्जिनियात अशाच घराला बरेचदा ‘ऑर्डिनरी’ म्हणत. विल्यम्सबर्गच्या ज्या रॅली टॅव्हर्नमध्ये १७६९ आणि १७७४ मध्ये बरखास्त झालेल्या विधानसभेचे सदस्य जमले, तेथे प्रवासी उतरतही असत. अमेरिकन दस्तऐवजात ‘टॅव्हर्न’ दिसल्यास तेथे बिछाने आणि तबेला होता असे धरून वाचावे. लंडनच्या दस्तऐवजात तसे धरू नये.